फेस्टीचा चौथा दिवस

बार्टलीचा फेस्टी, फेस्टीचा मकदारा आणि मकदाराचा कोलम. आमच्या गॉलवेकडच्या खेड्यात माणूस असाच, बापाच्या नावाने सांगितला जातो. नुसत्या आडनावाने हाक मारली तर अर्धा गाव वळून पाहील. बार्टलीने टेकडीपलीकडच्या उतारावरचे दगड वेचून तीन शेते केली, फेस्टीने त्याच दगडांचे बांध रचले, मकदाराने त्या बांधांच्या आत मेंढ्या राखल्या, आणि कोलम आता खोदयंत्र घेऊन दुसऱ्यांच्या शेतातले पाणी काढून देत फिरतो. कष्टाळू, नेमके, कमी बोलणारे घराणे. तरीही बहात्तर वर्षांत त्यांच्यापैकी एकाचेही पाऊल संत फिन्नात या साध्वीच्या विहिरीवर पडले नव्हते, कारण विहीर आमच्या घरामागे आहे आणि तिच्या वाटेवरचे फाटक आमचे आहे.

विहिरीची राखण आमच्या घरात सासूकडून सुनेकडे येते. १९५० साली मी या घरात आले, आणि सातव्या वर्षी माझ्या सासूबाईंनी, बारब्राबाईंनी, विहिरीचा पत्र्याचा पेला माझ्या हाती दिला. त्याबरोबर नियम दिले. अनवाणी यायचे. सूर्य जातो त्या दिशेने सात प्रदक्षिणा घालायच्या आणि दर फेऱ्याला वाटेवरचा एक खडा उचलून सपाट दगडावर ठेवायचा. पहिल्या पावलापासून तोंड बंद. शेवटी तीन घोट पाणी घशाखाली गेल्यावरच ते उघडायचे. मग विहिरीकाठच्या काटेरी झाडाला चिंधी बांधून मागे न पाहता जायचे. डोळ्यांसाठी नवस असेल तर असे नऊ दिवस. ते सलग हवेत असे नाही, पण एका माणसाचा एका दिवसात एकच दिवस धरला जातो. नवस बोलणारा तो पुरा न करता गेला तर त्याच्या रक्ताच्या माणसाने पुरा करावा. ज्याच्यासाठी बोलला, त्याने मात्र नाही. आणि दुसऱ्याचा दिवस ज्याने विनाकारण मोडला असेल, त्याने तो स्वतःच्या पायांनी भरून द्यावा.

सर्वांत शेवटी सासूबाईंनी सांगितले, "फेस्टीच्या वंशातल्या कुणाला फाटकाच्या आत घ्यायचं नाही. मी असताना नाही, आणि मी गेल्यावरही नाही."

कारणही त्यांनीच सांगितले होते. १९४० सालच्या मे महिन्याची पहिली सकाळ. त्या सकाळी विहिरीचे पहिले पाणी घरच्या बाईने काढायचे असते; दुसऱ्या कुणी वाईट मनाने त्याला हात लावला तर वर्षभराचे लोणी त्याच्या घरी जाते. बारब्राबाई बादली घेऊन खिडकीशी येतात तो काय, फेस्टी विहिरीभोवती उलटा फिरत होता. उलटा फेरा शापासाठी घालतात, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळते. त्यांनी ओरडून जाब विचारला. तो गप्प. पुन्हा विचारला. तो त्यांच्याकडे नुसता पाहत राहिला. मग त्या घुसळणीचा दांडा घेऊन धावल्या, आणि तो पाणी न पिता, लेकराला खांद्यावर घेऊन निघून गेला. त्या दिवशी आमच्या घुसळणीत लोणी आले नाही. आणखी पुरावा कशाला हवा होता?

मला तरी हवा वाटला नाही. घराचा शब्द म्हणजे घराचा शब्द.

गेल्या ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी सकाळी कोलम फाटकाशी आला. फाटकाला हात न लावता, टोपी काढून, बाहेरच उभा राहिला. मागे रस्त्यावर त्याची गाडी होती आणि गाडीत त्याचा बाप.

मी अंगणातूनच विचारले, "काय रे, फाटकाकडे असा काय बघतोस? ते काही चावत नाही."

"फाटक चावत नाही, पण तुमच्या सासूबाई चावायच्या असं ऐकलंय, सोरखाबाई."

"त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली."

"म्हणून तर आलो."

मला हसू येत होते, पण मी ते दाखवले नाही. "काय काम आहे ते बोल. चहा निवतोय माझा."

त्याने खिशातून पत्र काढले. मकदाराच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. गॉलवेच्या इस्पितळाने अखेर तारीख दिली होती: सोमवारी दुपारी दाखल व्हायचे, मंगळवारी शस्त्रक्रिया. ही तारीख गेली तर पुढची किमान एका वर्षाने, आणि तोवर उजवा डोळा राहील याची हमी डॉक्टर देत नव्हते.

"मग न्या की त्याला. माझी परवानगी कशाला हवी?"

"बाबा यायला तयार नाहीत. म्हणतात, हे डोळे उसने आहेत. सहा वर्षांचे असताना गेलेच होते, तर आजोबांनी इथे नऊ दिवसांचा नवस बोलला. तीन दिवस झाले, चौथ्या दिवशी..." तो थांबला.

"चौथ्या दिवशी काय झालं ते मला माहीत आहे. पुढे बोल."

"तरी महिनाभरात बाबांना दिसायला लागलं. म्हणजे फिन्नातनं आगाऊ दिलं आणि आम्ही फेडलं नाही. बाबा म्हणतात, फेडल्याशिवाय त्या डोळ्यांवर सुरी चालवून घेणार नाही. मी हिशेब केलाय. फेरे घालणारा मी एकटाच, आणि पाच दिवस राहिलेत. आज धरून सोमवार सकाळपर्यंत पाच होतात."

"सहा," मी म्हणाले.

"आजोबांचे चौथ्या दिवशीचे सात फेरे झाले होते, बाई!"

"पाणी प्यायला का तो? नाही ना? पाण्याशिवाय दिवस भरत नाही. सहा."

गाडीची काच खाली आली. आतून मकदाराचा आवाज आला, "बरोबर बोलतेय ती. सहाच."

शाळेत मकदारा माझ्या मागे सहा इयत्ता होता. तो चष्मा लावून यायचा आणि माझ्या भावंडांना गोट्यांत हरवायचा. त्यानंतर साठ वर्षे आम्ही दर रविवारी चर्चच्या दारात एकमेकांना मान हलवण्यापलीकडे काही केले नव्हते. मी रस्त्यापर्यंत गेले.

"तुझ्या मुलाच्या बाजूनं तरी बोलायचं होतंस," मी म्हणाले.

"मोजण्यात कसली बाजू? सात म्हणजे सात, सहा म्हणजे सहा. माझे वडीलही तेच म्हणायचे. म्हणून तर घोटाळा झाला."

"उलटा फेरा घातला म्हणून घोटाळा झाला, मकदारा."

"तो का घातला हे तुमच्या घरातून बहात्तर वर्षांत कुणी विचारलं?"

"विचारलं होतं. दोनदा. ओरडून विचारलं होतं."

"फेऱ्याच्या मध्यात! तो बोलणार कसा? तोंड उघडलं असतं तर दिवस फुकट गेला असता." त्याचे डोळे माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे पाहत होते. "मी विहिरीजवळच्या त्या भिंतीवर बसलो होतो, डोळ्यांवर पट्टी. पण कान होते ना. ओढ्याकडून पावलं येत, मग खडा ठेवल्याचा आवाज, मग फाटकाकडे जात. मी मोजत होतो. आठ वेळा आली. वडील थांबले. मग एक खडा उचलल्याचा आवाज आला, आणि पावलं उलट्या बाजूनं गेली. जास्तीचा फेरा परत घेत होते ते."

"परत घेत होते?" मी म्हणाले. "फेरा काय दुकानातलं कापड आहे?"

"त्यांना तसं वाटलं. नवस सातांचा होता."

"आणि लोणी? लोणी का आलं नाही मग?"

"ते तुझ्या सासूबाईंच्या हाताला विचार. आम्ही गरीब माणसं, आमच्याकडे गायच नव्हती. चोरलेलं लोणी ठेवलं असतं कशात?"

तोंडाने तो पहिल्यापासून तसाच आहे. मला राग आला, आणि रागात मी एक गोष्ट मनाशी धरून ठेवली. शेवटचा नियम मला ठाऊक होता आणि त्यालाही ठाऊक होता. फेस्टी शाप देत असेल, तर बारब्राबाईंनी केले ते योग्य होते आणि सहावा दिवस कसा भरायचा ते फेस्टीचे घर पाहील. फेस्टी निर्दोष असेल, तर तो दिवस आमच्या घराने मोडला, आणि भरून देणे आमच्या घराकडे लागते. आमच्या घरात आता मी एकटी आहे. मकदाराने ते मागितले नाही. मीही बोलले नाही.

कोलमला मात्र मी आत घेतले. कुणाच्या डोळ्यांसाठीच्या नवसाआड येणे हे माझ्या घराच्या रीतीत बसत नाही, शब्द कुणाचाही असो. फाटक उघडताना मी म्हणाले, "तुझ्या पाच दिवसांपुरतं उघडतेय. माझं मत बदललं असं समजू नकोस."

"बूट इथे काढू की आत?"

"तुमच्या घरात काही शिकवलं नाही वाटतं!"

"शिकवणार कुठे, बाई? तुमच्या फाटकाबाहेर?"

गुरुवारी आणि शुक्रवारी त्याने रीतसर केले. एवढा दांडगा माणूस, पण चिखलात पाय असे टाकत होता की जणू कुणी झोपले आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजत होते. ती माझी सवय आहे. पन्नास वर्षांत त्या खिडकीतून हजारो फेरे मोजले असतील. सहा घालून निघून जाणारे पाहिले, मध्येच गप्पा मारणारे पाहिले, आणि फोटो काढून झाल्यावर पाणी न पिताच जाणारेही पाहिले. सातांहून जास्त कुणी घातल्याचे आठवत नाही. माणसे देवाला जास्तीचे सहसा देत नाहीत.

कोलम घरी जाऊन बापाला काय सांगत होता कोण जाणे, पण शुक्रवारी संध्याकाळी त्याने मला येऊन सांगितले, "बाबांनी पिशवी भरलेली नाही. म्हणतात, पाच कर, सहावा पुढच्या वर्षी कर, मग बघू कोणता डोळा शिल्लक आहे."

"हट्टी आहे."

"गावात आणखी एक हट्टी माणूस आहे म्हणे. बाबांनी नाव सांगितलं नाही."

मी त्याला सोडा घालून भाजलेल्या घरच्या पावाचा तुकडा दिला आणि घरी पाठवले.

शनिवारी पाऊस भुरभुरत होता. कोलमचा पाचवा फेरा चालू असताना त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. त्याने तो काढला नाही. फोन थांबला आणि पुन्हा वाजला. कुणाचे तरी शेत पाण्याखाली जात असणार. तो ओठ घट्ट मिटून, मान खाली घालून चालत राहिला. मी मोजले: सहा. सात. आता तो खाली बसून पाणी पिईल म्हणून मी किटलीकडे वळले आणि पुन्हा पाहिले तो काय, तो ओढ्याकडून येत होता. आठ.

त्याने आठवा खडा ठेवला, पेला उचलायला वाकला, आणि त्याची नजर दगडावर गेली. बोट टेकवून त्याने खडे मोजले. पुन्हा मोजले. भाजीत दोनदा मीठ पडल्यावर बाईचा चेहरा होतो तसा त्याचा चेहरा झाला. तो उभा राहिला. डोके खाजवले. आभाळाकडे पाहिले. मग सपाट दगडावरचा एक खडा उचलून मुठीत धरला आणि डावीकडे वळून उलटा चालू लागला.

मी खिडकी उघडली होती. माझे तोंडही उघडले होते, आणि त्यात बारब्राबाईंचेच शब्द तयार होते. तेच घर, तीच खिडकी, तोच उलटा फेरा. एवढेच की माझ्या हातात दांड्याऐवजी किटली होती.

मी ओरडले नाही. किटली हातातच धरून मी शेवटपर्यंत पाहिले. फेरा उलटा पुरा करून त्याने खडा होता तिथे वाटेवर ठेवला, गुडघे टेकून तीन घोट पाणी प्याला, आणि मोठा श्वास सोडला. मी तशीच पावसात बाहेर गेले.

"हे काय केलंस तू?"

"आठ झाले होते, बाई. त्या फोनच्या नादात चुकलो."

"होऊ द्यायचे होते. आठानं काय आभाळ कोसळलं असतं?"

"सात बोललेत ना?" त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता. "जास्त दिलं तर तिला वाटेल, या लोकांना मोजता येत नाही. म्हणून एक परत घेतला." आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आले. त्याचे कान लाल झाले. "सोरखाबाई, शपथेवर सांगतो, मी मुद्दाम नाही केलं."

"गप्प बस. मुद्दाम केलेलं मला ओळखता येतं. मी सात मुलं वाढवली आहेत."

त्या संध्याकाळी मी बराच वेळ शेगडीपाशी बसले. जग इकडचे तिकडे झाले तरी ज्यांना सातच द्यायचे असतात अशी माणसे असतात, आणि त्यांच्यात ते रक्तातून उतरते, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. उरले लोणी. आता त्याचेही सांगते. बारब्राबाई फार मोठ्या बाई होत्या. अठरा जणांचे घर त्यांनी एका हाताने चालवले, आणि त्यांच्याविरुद्ध मी कधी चकार शब्द काढलेला नाही. पण साय शेगडीजवळ कोमट होऊ द्यावी एवढा धीर त्यांच्यात नव्हता. थंड सकाळी त्या थंडच साय घुसळत आणि लोणी आले नाही की कुणाला तरी बोल लावत. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो बोल तीनदा मला लागला होता. चौथ्यांदा मी त्यांच्या नकळत घुसळणीत गरम पाण्याचा पेला ओतला होता.

इतकी वर्षे हे मला ठाऊक होते. दोन्ही गोष्टी मी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, इतकेच.

रविवारी चर्चच्या दारात मकदारा काठी टेकत आला. मी मान हलवून पुढे गेले नाही. त्याच्यासमोर उभी राहिले.

"कोण?" तो म्हणाला.

"सोरखा. पिशवी भर."

"कशाला? पाचच होतात."

"तुला मी पिशवी भरायला सांगितलं, हिशेब करायला नाही. उद्या सकाळी कोलमबरोबर ये."

"तुझ्या फाटकाबाहेर गाडीत बसून थंडीत कुडकुडायला?"

"आतल्या भिंतीवर बस. जागा तुला माहीत आहे."

 शेजारून जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. त्यांना मी बघू दिले.

सोमवारी सकाळ स्वच्छ उजाडली. कोलमने बापाला हात धरून भिंतीवर बसवले, बूट काढले आणि आपला पाचवा, म्हणजे नवसाचा नववा, दिवस पुरा केला. सात फेरे, सात खडे, तीन घोट. चिंधी बांधली. मग तो बापाशेजारी उभा राहिला. दुपारी दोनपर्यंत गॉलवेला पोहोचायचे होते.

मी पायरीवर बसले आणि मोजे काढले.

कोलम पुढे झाला. "बाई, अहो, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहात तुम्ही. जमीन बर्फासारखी आहे."

"माझं वय मला माहीत आहे. जमीनही माझीच आहे. बाजूला हो." मग मी मकदाराकडे वळले, कारण पहिल्या पावलानंतर बोलता येणार नव्हते. "मकदारा, ऐक. तुझ्या वडिलांनी शाप दिला नव्हता आणि लोणी चोरलं नव्हतं. त्यांचा चौथा दिवस आमच्या घरानं मोडला. तो मी आज भरून देतेय."

मी पाऊल टाकले. चिखल घोट्यांपर्यंत थंड लागला, आणि उजवा गुडघा पहिल्याच वळणावर कुरकुरला. मी पहिला खडा ठेवला.

"लंगडतेस तू," मकदारा भिंतीवरून म्हणाला. "ऐकू येतंय."

मी उत्तर देऊ शकत नव्हते. त्याच्या ते ध्यानात यायला आणखी एक फेरा लागला, आणि ध्यानात आल्यावर मात्र त्याने सोडले नाही.

"बासष्ट वर्षं या बाईपुढे गावात कुणाला शेवटचा शब्द मिळाला नाही. आज मला मिळतोय. कोलम, किती झाले?"

"तीन, बाबा."

"सावकाश, सोरखा. शाळेत गोट्यांत तुझे भाऊ रडीचा डाव खेळायचे, ते तूच शिकवलं होतंस, हो ना? बोल की! नाही? म्हणजे कबूल."

चौथ्या फेऱ्याला माझ्या मनात तीन उत्तरे तयार होती, पाचव्याला सात. ओठ चावून मी चालत राहिले. सहाव्याला गुडघ्याने साथ सोडू पाहिली, तेव्हा मी काटेरी झाडाच्या फांदीला हात लावून दोन श्वास घेतले. भिंतीवरचा आवाज थांबला.  सातव्या फेऱ्यात मकदारा पुढे झुकून नुसता ऐकत होता.

मी सातवा खडा ठेवला आणि बोट टेकवून मोजले. सात होते. पेला बुडवला. एक घोट. दुसरा घोट. तिसरा घोट घशाखाली गेला तेव्हा थंडीने दात ठणकले.

झाडाला चिंधी बांधली, आणि मग तोंड उघडले.

"गोट्यांत रडीचा डाव माझ्या भावांनी खेळला, मी नाही, आणि तरीही तेच हरायचे. कोलम, मला मोजे दे आणि गाडी सुरू कर. मकदारा, किती झाले?"

तो काठीवर भार देऊन भिंतीवरून उतरला. "नऊ," तो म्हणाला. "नऊच्या नऊ."

"बाकी?"

"बाकी काही नाही, सोरखा. फिटलं." आणि त्याने कोलमच्या हातून पिशवी आपल्या हातात घेतली.